रब्बी ज्वारीच्या रानात शेणखत कधी पडावे?

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा, सांगोला, मोहोळ या पट्ट्यातील काळ्या रानात रब्बी ज्वारी पावसावर नव्हे, तर पावसाने जमिनीत साठवलेल्या ओलीवर येते. जून ते सप्टेंबर रान मोकळे असते, पावसाचे पाणी त्यात मुरते, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मालदांडी या ज्वारीच्या वाणाची पेरणी होते आणि त्यानंतर आभाळाकडून फारशी अपेक्षा नसते. या एका गोष्टीवरून येथील खताचे सारे गणित ठरते, आणि तरीही आपल्याकडे शेणखताची चर्चा बागायती पिकांच्या मापाने होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोरडवाहू ज्वारीला पेरणीनंतर वरून युरिया टाकून उपयोग होत नाही, कारण वरचा दोन-तीन बोटांचा थर तोपर्यंत सुकलेला असतो, मुळे खालच्या ओलीत गेलेली असतात आणि खत वरच कोरड्या मातीत पडून राहते. म्हणूनच येथे रासायनिक खत पेरणीबरोबरच दोन चाड्यांच्या पाभरीने (एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) ओलीत पेरून देण्याची शिफारस आहे. शेणखताचा नियमही हाच, फक्त त्याला पाभर नाही. त्याला ओलीपर्यंत पोहोचवण्याचे काम पावसाळ्याने करायचे असते. मेअखेरीस कुजलेले खत पसरून कुळवाच्या (माती वरवर हलवणाऱ्या आडव्या पात्याच्या अवजाराच्या) पाळीने लगेच मातीत मिसळले, तर पुढचे चार महिने ते ओल्या मातीत मुरते आणि पेरणीच्या वेळी त्यातील अन्नद्रव्ये मुळांच्या वाटेवर असतात. तेच खत सप्टेंबरमध्ये, पेरणीच्या तोंडावर टाकले, तर ते कुजायला लागणारी ओल पिकाच्याच वाट्याची असते. त्यातही खत अर्धकच्चे असेल, तर त्यातील काडीकचरा कुजवणारे सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, कोवळी ज्वारी पिवळी पडते आणि मुळे खाणाऱ्या हुमणी अळीला व वाळवीला आयते घर मिळते.

नुसत्या नत्राचा हिशेब मांडला, तर शेणखत दुबळे दिसते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र असते. हेक्टरी ५ टन खतातून २५ किलो नत्र येते, म्हणजे युरियाच्या एका ४५ किलोच्या गोणीतील नत्राहून थोडे अधिक, आणि तेही पहिल्याच हंगामात पूर्णपणे मिळत नाही. परंतु शेणखताचे खरे काम पाण्याशी आहे. वर्षानुवर्षे खत पडलेल्या रानातील ढेकूळ बोटांनी दाबले की त्याच्या कण्या होतात. खत न पडलेल्या रानातील ढेकूळ दगडासारखे राहते. कण्यांच्या जमिनीत वळवाचा पाऊस मुरतो, दुसऱ्या जमिनीवरून तो माती घेऊन ओढ्याला जातो. ज्या पिकाचे सारे भवितव्य साठवलेल्या ओलीवर आहे, त्याच्यासाठी याहून मोठे खत नाही.

लेंडीखत, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांचे खत, शेणखतापेक्षा बरेच जोरकस असते, आणि ते देण्याची आपली सर्वांत चांगली पद्धत म्हणजे रानात मेंढ्या बसवणे. ज्वारी निघाल्यावर धनगर मोकळ्या रानात वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून कळप रात्रभर आत ठेवतात आणि दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकवतात. मोबदल्यात त्यांना धान्य किंवा पैसे दिले जातात. सकाळी त्या चौकोनात लेंड्यांचा थर असतो आणि त्याखालची माती मुताने ओली झालेली असते. हे मूत फार महत्त्वाचे आहे, कारण जनावराने बाहेर टाकलेल्या नत्राचा मोठा वाटा त्यातच असतो, आणि गोठ्यातील मूत बहुधा गटारात जाते. बसवलेल्या मेंढ्यांचे मूत जागच्या जागी मुरते. मात्र पाठोपाठ कुळव फिरवला नाही, तर उन्हाने त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते. नायजरमध्ये फुलानी पशुपालकांची जनावरे बाजरीच्या शेतात रात्री अशीच बसवली जातात. कोरड्या मुलखांनी एकमेकांना न विचारता काढलेला हा मार्ग आहे.

घरच्या उकिरड्याची स्थिती मात्र चिंतेची आहे. उघड्यावरचा ढीग उन्हात वाळतो, पावसात धुपतो, आणि शेतात जाते ते बरेचसे निःसत्त्व भुसकट असते. वीस-पंचवीस फूट लांब, पाच-सहा फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्ड्यात गोठ्यातील मूत शोषलेले गवताड व शेण एका टोकाकडून भरत जावे, भरलेला भाग शेणमातीने लिंपावा आणि चार-पाच महिन्यांनी उघडावा, एवढेच करायचे असते.

ट्रॅक्टर आल्यापासून बैल घटले, त्यामुळे सगळ्या रानाला दरवर्षी हेक्टरी ५ टन पुरवणे बहुतेकांना शक्य नाही, हे खरे आहे. अशा वेळी सगळीकडे मूठमूठ पसरण्यापेक्षा रानाचे तीन भाग करून दरवर्षी एकाच भागाला पुरेसे खत द्यावे, असे माझे मत आहे, कारण त्याचा असर पुढच्या दोन-तीन हंगामांपर्यंत टिकतो. सुरुवात हलक्या, उताराच्या पट्टीपासून करावी. ओल सर्वांत आधी तिथेच तुटते.