आमची वाटचाल : केस घेण्याआधी आम्ही पलंग बघतो

कोथरूडमध्ये आम्ही घरच्या पेशंटची काळजी घ्यायला मावशी पुरवण्याचं काम सुरू केलं, तेव्हा अशा ब्यूरोंची रीत ठरलेली होती. फोन आला की मावशी पाठवायची, कमिशन घ्यायचं. पुढे तिची कंबर धरली तर तिचं ती बघेल. आम्ही मावशींना पगारावर घेतलं ते यासाठीच. लातूर, नांदेड, यवतमाळकडून आलेल्या या बायका पूर्वी उसण भरली तरी बाम चोळून ड्यूटीवर जात, कारण खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले.

अर्धांगवायूच्या पेशंटला दिवसभर उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची. हॉस्पिटलात त्याला दोघंतिघं असतात, बेड वरखाली होतो. घरी मात्र गुडघ्याएवढा दिवाण, नाहीतर भिंतीला लावलेला डबलबेड. त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत वाकून एकटीने ओढायचं. पाठ जाते ती तिथे. म्हणून आमच्या सिस्टर आधी घर बघून येतात. उंची बदलणारा बेड भाड्याने मिळतो, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवता येते. एवढंही करायची तयारी नसेल, तर ती केस आम्ही घेत नाही.

नव्या मावशींना शिकवतो : आधी व्हीलचेअरचा ब्रेक. पेशंटचे हात तुमच्या मानेभोवती नकोत, त्याच्या कंबरेचा पट्टा धरा. गुडघ्यात वाका, पावलं टाकून वळा, कंबर पिळू नका. तो घसरायलाच लागला तर पेलत बसू नका, अंगाला टेकवून सावकाश खाली बसवा. हे ऐकून नातेवाईक दचकतात. पण पेलायला गेलं की दोघंही पडतात, हे मी त्यांना प्रत्येक वेळी समजावून सांगते.

इंजेक्शनच्या केसवर जाणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस देतो. सुईला टोपण परत लावायचं नाही. टोचलीच तर साबणाने धुऊन लगेच फोन करायचा, कारण एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. स्मृतिभ्रंशाचे पेशंट आंघोळीच्या वेळी मारतात, चावतात. तिथे मावशीने बाजूला होऊन थोड्या वेळाने पुन्हा जायचं, जबरदस्ती करायची नाही. अंगचटीला येणाऱ्याच्या घरून मात्र त्याच दिवशी माणूस काढून घेतो.

दहाच्या वर माणसं झाली तशी 21,000 पर्यंत पगार असलेल्या सगळ्यांची ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळात, नोंद केली. कामावर दुखापत होऊन घरी बसावं लागलं, तर सरासरी रोजाच्या 90 टक्के रक्कम मिळते. मावशी आता दुखणं लपवत नाहीत, पहिल्याच दिवशी सांगतात.

या सगळ्यामुळे आमचा दर शेजारच्या ब्यूरोपेक्षा जास्त आहे. घासाघीस करणाऱ्यांना मी तो कशाकशाचा आहे ते सांगते, आणि त्यातला ईएसआयसीचा नि बदली मावशीचा पैसा कमी करत नाही.