कॅप धुवायची, पण आकार न बिघडवता

शर्टांबरोबर कॅपही मशीनमध्ये टाकली, तर ती स्वच्छ होऊन बाहेर येते खरी, पण समोरचा भाग पोचे आलेल्या डब्यासारखा दिसतो आणि व्हायझर एका अंगाला वाकलेला असतो. कारण कॅप म्हणजे नुसतं कापड नव्हे. सहा कळ्या शिवून केलेला घुमट, समोरच्या दोन कळ्यांमागे बकरम, पुढे डोळ्यांवर येणारा कडक व्हायझर आणि आतून कपाळाला टेकणारी घामाची पट्टी, असा तो जुळवलेला सांगाडा असतो. बकरम म्हणजे शिंपी कॉलरमध्ये घालतात तेच, फक्त इथे जाळीदार आणि जाड. त्याचा ताठपणा खळीचा किंवा रेझिनचा असतो. गरम पाण्यात तो ढिला पडतो आणि अशा अवस्थेत कॅप पिळली की पडलेली घडी तशीच वाळते. कापड सहसा टिकतं, मोडतो तो सांगाडा.

म्हणून पाण्याला हात लावण्याआधी व्हायझर तपासायचा. नखाने टिचकी मारा. आत प्लॅस्टिक असेल तर टणक आवाज येतो, आणि थोडं वाकवून सोडलं की व्हायझर लगेच पूर्ववत होतो. पुठ्ठा असेल तर आवाज बोदा येतो आणि जुन्या घडीची रेघ कायम दिसते. जुन्या कॅपमध्ये पुठ्ठाच असायचा. प्रचारात किंवा कंपनीच्या कार्यक्रमात फुकट वाटतात त्या कॅपमध्ये आजही तो अनेकदा निघतो. पुठ्ठ्याचा व्हायझर भिजवायचा नाहीच, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचा. आत शिरलेलं पाणी पुठ्ठ्याचे थर सुटे करतं आणि त्यावर उपाय नाही.

दुसरी तपासणी रंगाची. पांढरं फडकं ओलं करून आतल्या शिवणीवर दहा-बारा वेळा घासा. फडक्याला रंग लागला तर ती कॅप बुडवायची नाही. लाल किंवा काळी कॅप आणि तिच्यावर पांढरी एम्ब्रॉयडरी असेल तर ही तपासणी चुकवूच नका. कच्चा रंग आधी त्या पांढऱ्या दोऱ्यात उतरतो. तिसरी गोष्ट म्हणजे लेबल. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मेजर लीगचे खेळाडू मैदानावर घालतात त्या कॅप २००७पासून पॉलिएस्टरच्या झाल्या, त्याआधी त्या लोकरीच्या असत. त्यामुळे कोणाकडे जुनी फिटेड कॅप, म्हणजे मागे पट्टा नसलेली ठरावीक मापाची कॅप, असेल तर ती लोकरीची असण्याची शक्यता धरून चाला. लोकर कोमट पाण्यात घासली तरी आटते, आणि मग मापाची कॅप डोक्यात जात नाही.

आता मळाकडे वळू. कॅपवर पांढऱ्या लाटांसारख्या रेघा दिसतात ते घामातलं मीठ. त्याला साबण लागत नाही, साधं पाणी पुरतं. पट्टीवरचा पिवळा-काळा थर वेगळा. त्यात त्वचेचं तेल, सनस्क्रीन आणि आपल्याकडे हमखास खोबरेल तेल असतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरात नाशिकला किंवा नागपूरला सकाळच्या नळाच्या पाण्यात पट्टी कितीही घासा, तेल जागचं हलणार नाही. पाणी ३० अंशांच्या आसपास हवं, म्हणजे हाताला ना गार ना गरम. बाळाच्या अंघोळीपेक्षाही कमी.

आधी कोरडी कॅप मऊ ब्रशने झटका. गुलाल किंवा होळीचा रंग असेल तर ओला हात लावण्यापूर्वी जितका झटकून, चिकटपट्टीने उचलून काढता येईल तितका काढा. पाणी लागलं की तो धाग्यात उतरतो आणि मग तुमचंच नुकसान.

मग पट्टी बाहेर उलटवा. तिच्यावर भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब नुसतेच टाका, पाणी नको. बोटाने पसरा आणि दहा मिनिटं सोडा. हे लिक्विड तेल काढण्यासाठीच बनवलेलं असतं, त्यामुळे या एका कामात ते कपड्यांच्या पावडरपेक्षा सरस ठरतं. नंतर जुन्या मऊ टूथब्रशने पट्टीच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवं घासलं की टाके फुलतात. लोकरीच्या कॅपला मात्र लोकरीसाठीचं लिक्विड आणि थंडच पाणी वापरा, एन्झाइमवाली पावडर नको. मांसाचे-अंड्याचे डाग काढणारं तेच एन्झाइम लोकरीलाही खातं, कारण लोकर हेही प्रथिनच.

बाकी कॅपसाठी ३ लिटर कोमट पाण्यात १ छोटा चमचा लिक्विड पुरे. फेस जास्त झाला की बकरममधून तो निघता निघत नाही आणि वाळल्यावर कापड चिकट लागतं. प्लॅस्टिकचा व्हायझर आणि पक्का रंग असेल तर कॅप दहा मिनिटं बुडवा, अधूनमधून हलवा, पिळू नका. पुठ्ठा किंवा कच्चा रंग असेल तर स्पंजने पुसायची. इथे एक चूक बहुतेकांकडून होते. डाग दिसतो तेवढाच भाग ओला करतात, आणि वाळल्यावर डागाच्या जागी मोठं तपकिरी कडं उमटतं. पाणी वाळताना मळ कडेकडे सरकतो आणि जिथे ओल संपते तिथे जमतो. उपाय सोपा आहे: डाग एवढासा असला तरी ती कळी एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सारखी ओली करायची.

क्लोरीनचं ब्लीच कॅपपासून लांब ठेवा. लोकर त्यात विरघळते, घामाचे डाग आणखी पिवळे होतात. सनस्क्रीनचे डाग तर अनेकदा गंजासारखे तांबूस होतात. त्यातल्या एका घटकाची पाण्यातल्या लोहाशीही अशीच जोडी जमते, म्हणून बोअरचं पाणी तांबूस असेल तर निदान शेवटचं खळबळणं तरी पिण्याच्या पाण्याने करा. पांढऱ्या सुती कॅपला ऑक्सिजनवालं ब्लीच चालतं, पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं घ्या. नीळ नको, बकरम असलेल्या कळ्यांवर ती सारखी बसत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफस बघण्यात मजा असेल, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. वास जात नसेल तर एकटं व्हिनेगर, एक भाग व्हिनेगरला तीन भाग पाणी, फक्त पट्टीला लावा आणि धुऊन टाका. ब्लीच वापरलेल्या कॅपला व्हिनेगर कधीही लावू नका, विषारी वायू तयार होतो.

डिशवॉशरमध्ये कॅप धुण्याची टूम अमेरिकेत बरीच आहे. तिथलं पाणी फार तापतं आणि त्या पावडरीत बहुतेकदा ब्लीच असतं. वर जे टाळा म्हटलं, ते सगळं एकाच पेटीत.

वाळवण्यावर मात्र धुण्याइतकाच वेळ द्या. जाड पंचात कॅप दाबून पाणी टिपून घ्या, मग ती डोक्याच्या आकाराच्या वस्तूवर बसवा. डोक्याचा घेर ५८ सें.मी. असेल तर व्यास साधारण साडेअठरा सें.मी. येतो. टेप घेऊन स्वयंपाकघरात जा, तेवढं एखादं पातेलं उपडं सापडेलच. लहान मुलांचा ३ नंबरचा फुटबॉल किंवा बेताने फुगवलेला फुगाही चालतो. पातेल्यावर आधी पंचा गुंडाळा, म्हणजे आतून ओल शोषली जाते आणि स्टीलचा डागही लागत नाही. दोरीवर व्हायझरला चिमटा लावून टांगलेली कॅप स्वतःच्या वजनाने लांबुळकी होते. उन्हात रंग उडतो, पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात वरून कोरडी वाटली तरी शिवणीपाशी पट्टी दाबून बघा. ती सगळ्यात शेवटी वाळते, आणि ओली असताना कपाटात गेली की आठवड्यात बुरशीचा वास धरते.

वाळल्यावर समोर खळगा राहिलाच तर इस्त्री नको. उकळत्या किटलीच्या वाफेवर २० सें.मी. अंतराने पाच-सात सेकंद धरा, हात वाफेच्या बाहेर ठेवून. बकरम मऊ पडतो. आतून बोटांनी खळगा बाहेर ढकला आणि कॅप गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा. आधी सोडलात तर तो परत आत जाईल.