आप्पांच्या बंदुकीचा दांडा

चैत्र शुद्ध एकादशी, रात्री

आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वेल्डिंगवाल्याकडे जाऊन आले. पिशवीत फडक्यात गुंडाळलेले लोखंडाचे दोन तुकडे होते. बंदूक घरीच ठेवली, दांडा तेवढा खीळ काढून नेला.

परवा जत्रेतल्या आमच्या नेमबाजीच्या खेळाच्या फुग्यांच्या फळ्या पुसून झाल्यावर सहज नळी मोडून, म्हणजे खाली वाकवून, बघितली, तर कट् आवाज आला आणि नळी हातात लुळी पडली. छर्‍याच्या बंदुकीत सगळा भार ह्या दांड्यावर असतो. नळी खाली मोडली की दांडा पिस्टनला मागे रेटतो, स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन घोड्याच्या खाचेत अडकतो. जत्रेतल्या एका रात्रीत हे शेकडो वेळा होतं. पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, म्हणजे हातात चार दिवस.

सगळे म्हणतात नवी घे. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, २० ज्यूलच्या आतली ताकद, परवान्याची भानगड नाही. पण ह्याच बंदुकीने मला नेम धरायला शिकवलं. आप्पा मागे उभे राहून म्हणायचे, "श्वास सोड, मग दाब." स्वप्नील कुसाळेला २०२४ साली पॅरिसला कांस्य मिळालं तेव्हा आप्पांनी हीच बंदूक खाली काढून तेलाच्या फडक्याने पुसली होती. ती मी टाकणार नाही.

वेल्डिंगवाल्या काकांनी तुकडे उजेडात धरले. "हितं आधी एकदा टाका मारलाय," म्हणाले. मला माहीत होतं. मी शाळेत असताना यात्रेच्या आदल्या रात्री आप्पांनी मला बरोबर नेऊन तो एका मिस्त्रीकडून मारून घेतला होता आणि लगेच तिथल्या बादलीत बुडवला होता. चर्र आवाज आणि वाफ, अजून आठवते.

"टाका तुटला नाही पोरी. टाक्याच्या शेजारचं लोखंड तुटलंय, बघ." खरंच, जुना टाका जसाच्या तसा होता आणि त्याला चिकटून सरळ चीर गेली होती. काकांनी तुकड्याचं टोक ग्राइंडरला लावलं. ठिणग्या लांब जाऊन टोकाला फुलबाज्यांसारख्या फुटल्या. "कार्बन हाय ह्यात. असलं लोखंड तापवून पाण्यात घातलं की टाक्याच्या कडेला काचेच्या बांगडीगत होतं. कडक, पण वाकायचं नाव नाही." इतकी वर्षं आमचा सगळा धंदा त्या बांगडीवर चालला होता.

मग काकांनी घाई म्हणून केली नाही. जुना टाका आणि त्याच्या शेजारचं कडक झालेलं लोखंड घासून काढलं, टाका आत शिरावा म्हणून दोन्ही टोकांना व्ही आकाराची खाच मारली. दांडा वाकू नये म्हणून अँगलवर शिकंज्यात आवळला. गॅसच्या ज्योतीने तो गरम केला, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडून जाईल इतका. वेल्डिंगची ७०१८ नंबरची अडीच मिलिमीटरची कांडी भट्टीतून गरमागरम काढली. कांडीने दमट हवा धरली की आतून भेगा जातात, म्हणून. एकेक छोटा टाका, मग थांबणं, टाक्यावरची खपली, म्हणजे स्लॅग, ठोकून काढणं, पुन्हा टाका. शेवटी दांडा राखेच्या घमेल्यात पुरला आणि म्हणाले, "आता दोन तास हात लावायचा नाही."

मी दोन तास तिथेच स्टुलावर बसले. घमेल्यातल्या राखेकडे बघत बसण्यात मला एवढं बरं का वाटत होतं, सांगता येत नाही.

दांडा काढला तेव्हा अजून कोमट होता. कानशीने थोडा घासला, पण पूर्ण गुळगुळीत करू दिला नाही. तिथली टाक्यांच्या चार कण्यांची रांग मला हवी होती.

घरी येऊन बसवला. दहा वेळा नळी मोडली, दहाही वेळा पिस्टन नीट अडकला. पाच छर्रे भिंतीला लावलेल्या पोत्यात मारले. आप्पा खाटेवरून बघत होते. तुटलं का ते त्यांना सांगावं की नाही, ह्याचा विचार मी बसमध्ये सगळ्या वाटेने केला होता. बादलीचा विषय काढायचा धीर होत नव्हता.

त्यांनी बंदूक मागून घेतली. अंगठा टाक्यावरून दोनदा फिरवला.

"राखेत ठेवलं होतं?"

"हो."

"तेव्हा मिस्त्री मला म्हणाला होता, राखेत ठेव म्हणून. पण शेवटची गाडी सुटत होती." एवढं बोलून त्यांनी नळी मोडली, नुसतीच, छर्रा न घालता, आणि स्प्रिंगला जोराने सुटू न देता दोन्ही हातांनी धरून हळूच परत आणली.

नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी किंचित डावीकडे सरकली आहे. उद्या सकाळी उजेडात ती बघायची.