आयईएलटीएसचा टास्क १ आणि ‘रिड्यूस’चा घोळ : माझा अनुभव

आयईएलटीएस ही परदेशी शिक्षणासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा. तिच्या अकॅडमिक प्रकारात रायटिंगचा टास्क १ म्हणजे आलेखाचं वर्णन, टास्क २ म्हणजे निबंध. नोंदणी, सेंटर, लिसनिंग, रीडिंग यांवर लिहिण्यासारखं काही नाही, ते सुरळीत पार पडतं. माझा राग आहे क्लासमध्ये वाटल्या जाणाऱ्या एका झेरॉक्स पानावर. वर ‘आलेख खाली जात असेल तर वापरायचे शब्द’ असं शीर्षक आणि खाली एका ओळीत डिक्रीज, डिक्लाइन, फॉल, ड्रॉप, रिड्यूस. उचला कुठलाही आणि चिकटवा! पहिले चार आलेखाच्या वर्णनात बहुतेक वेळा एकमेकांच्या जागी खपतात. पाचवा खपत नाही. शब्दसंपत्ती आणि व्याकरण हे रायटिंगच्या चार निकषांपैकी दोन, आणि हा एक शब्द दोन्हीकडे मार खातो. वर निकालपत्रात नुसता बँडचा, म्हणजे गुणांचा, आकडा येतो, नेमकं काय चुकलं हे कोणी सांगत नाही.

खरं तर मराठी माणसाला हे सोपं जायला हवं. ‘कमी होणे’ आणि ‘कमी करणे’ यांत आपण कधी गल्लत करतो का? रिड्यूस म्हणजे कमी करणे. करणारा हवा आणि जे कमी करायचं तेही हवं. ‘द कंपनी रिड्यूस्ड द प्राइस’ हे पूर्ण वाक्य झालं. ‘सेल्स रिड्यूस्ड इन २०१०’ म्हणजे ‘विक्रीने २०१० मध्ये कमी केलं’. काय कमी केलं? तिथे ‘सेल्स फेल’ (fell, ‘फॉल’चा भूतकाळ) किंवा ‘सेल्स डिक्रीज्ड’ हवं. डिक्रीज होणे-करणे दोन्हीकडे चालतं, म्हणून अडलात तर तेच घ्या. उलटी गंमत डिक्लाइनची: ‘द कंपनी डिक्लाइन्ड द ऑफर’ म्हणजे कंपनीने देकार नाकारला, कमी केला नाही.

यावर काही शिक्षक तोड सांगतात की मागे ‘वेअर’ लावा, ‘सेल्स वेअर रिड्यूस्ड’. व्याकरण सुटतं, अर्थ बिघडतो. कोणीतरी मुद्दाम विक्री कमी केली असं ते वाक्य म्हणतं. लँडलाइनचे ग्राहक घटले, ते कोणी ठरवून घटवले नाहीत, तिथे ‘फेल’च. भाडं, कर, व्याजदर, वेगमर्यादा या माणसाने ठरवायच्या गोष्टी, तिथे ‘वॉज रिड्यूस्ड’ शोभतं.

कर्माशिवाय रिड्यूस चालण्याची एक खरी जागा म्हणजे स्वयंपाक. ‘लेट द मिल्क रिड्यूस’ म्हणजे दूध आटू द्या. आणि पुढचा सगळ्यात महागडा घोळ, ‘बाय’ आणि ‘टु’, दुधावरच चांगला कळतो. तीन लिटर दूध ‘बाय वन थर्ड’ आटवलं तर दोन लिटर उरतं, ‘टु वन थर्ड’ आटवलं तर एकच लिटर. मराठीत हे आपोआप होतं: ‘ने’ आलं की ‘बाय’, ‘वर’ आलं की ‘टु’. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर पाव टक्क्याने कमी करून सव्वासहा टक्क्यांवर आणला. इंग्रजीत तेच: ‘रिड्यूस्ड द रेट बाय ०.२५ पर्सेंटेज पॉइंट्स, टु ६.२५ परसेंट’. नुसतं ‘बाय ०.२५ परसेंट’ लिहिलंत तर चुकलं. साडेसहावरून सव्वासहा ही घट तुलनेने सुमारे ३.८ टक्के भरते, पाव टक्का नव्हे. आलेखात उभा अक्षच टक्क्यांचा असेल तर दोन आकड्यांतला फरक नेहमी पर्सेंटेज पॉइंट्समध्ये. क्लासच्या त्या पानावर याचा उल्लेखही नसतो.

‘रिड्यूस’ऐवजी ‘रिडक्शन’ हे नाम वापरताना अव्यय बदलतं. कशात घट झाली ते ‘इन’ने, किती झाली ते ‘ऑफ’ने: ‘अ रिडक्शन ऑफ २० परसेंट इन द फेअर’.

टास्क २ मध्ये मात्र रिड्यूस हक्काने वापरा, कारण तिथे उपायच सुचवायचे असतात. फक्त त्याच्यापुढे मोजता येणारं काही ठेवा: नंबर, अमाउंट, कॉस्ट, रिस्क, यूज. ‘रिड्यूस द स्टुडंट्स’ वाचून परीक्षकाला विद्यार्थी आक्रसल्यासारखे वाटतील. ‘रिड्यूस द नंबर ऑफ स्टुडंट्स’ लिहा. साखर, प्लॅस्टिक यांसाठी ‘कट डाउन ऑन’ जवळचं, पण ‘ऑन’ विसरू नका. झाडांच्या बाबतीत ‘ऑन’शिवायचं ‘कट डाउन’ म्हणजे सरळ तोडणं. ‘कर्टेल’ खर्च, अधिकार, स्वातंत्र्य यांना लावा, वजनाला नको. ‘मिनिमाइझ’ हा ‘रिड्यूस’चा भारदस्त भाऊ नव्हे. त्याचा अर्थ शक्य तितकं कमी करणे, म्हणून ‘स्लाइटली मिनिमाइझ’ हास्यास्पद होतं.

आणखी एक राहिलं. ‘नाइलाजाने अमुक करायची पाळी आली’ या अर्थी ‘वॉज रिड्यूस्ड टु’ वापरलंत, तर पुढे ‘बेगिंग’, ‘सेलिंग’ असं रूप येतं; ‘टु सेल’ नाही.

टास्क १ ला निदान १५० शब्द लागतात आणि साधारण २० मिनिटं द्यायची असतात. टास्क २ चं वजन दुप्पट, त्यामुळे आधी तो लिहिला तरी बिघडत नाही. संगणकावर शब्द आपोआप मोजले जातात, मोजणीत वाचलेली मिनिटं तपासणीला द्या. तपासताना प्रत्येक ‘रिड्यूस्ड’पाशी थांबा: मागे ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ नसेल आणि पुढे कर्मही नसेल, तर तो शब्द खोडा आणि ‘फेल’ लिहा.