सीओटू: डोमचा शेंडा अखेर जुळला!

सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडचं) द्रव आणि बाष्प एकत्र राहू शकतात त्या हद्दीचा घुमटासारखा आलेख, म्हणजे डोम, मी प्रोग्रामने काढतोय. त्याचा शेंडा शनिवारी रात्री दीडला जुळला एकदाचा. मागच्या वेळी ज्याच्या नावाने रडलो होतो तोच घोळ: २९.५ अंशांपर्यंत पेंग-रॉबिन्सन (दाब, तापमान आणि घनता जोडणारं समीकरण, थोडक्यात पीआर) शहाण्यासारखं वागायचं, पुढे द्रव आणि बाष्प दोघांची घनता एकच. वर प्रोग्राम छाती ठोकून सांगणार, 'कन्व्हर्ज्ड', म्हणजे उत्तर सापडलं!

तीन आठवडे टॉलरन्सशी, म्हणजे किती चूक चालवून घ्यायची त्या मर्यादेशी, खेळलो. सहा दशांशांवरून बारावर नेला, फरक शून्य. मग कापूरबावडीच्या सिग्नलला बस पाऊण तास अडकली आणि ट्यूब पेटली. दाबाचा अंदाज जरा हुकला की या क्युबिक (त्रिघाती) समीकरणाला एकच वास्तव रूट, म्हणजे उत्तर, उरतं. तेच मी द्रवालाही देत होतो, बाष्पालाही. फ्युगॅसिटी (द्रव-बाष्पाचा तोल तपासायचा आकडा, समतोलात दोघांचा सारखा) सारखी येणार नाही तर काय! आपलाच पेपर आपणच तपासायचा तसं.

आता आधी दोन्ही स्पायनोडल बिंदू काढतो, म्हणजे दाब-घनतेच्या वक्राचा उतार शून्य होतो ते. त्यांच्या दाबांमध्ये तीन रूट्स असतातच, म्हणून तेवढ्याच पट्ट्यात साधं बायसेक्शन, दर वेळी पट्टा निम्मा करत जायचं. (थंड बाजूला खालचा दाब ऋण निघतो, तिथे शून्याच्या किंचित वर धरा.) ३० अंशांवर हा पट्टा जेमतेम बारच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. आधीची न्यूटनची पद्धत त्यावरून उडी मारून जायची यात नवल नाही. एक्सेलच्या गोल सीकवाल्यांनी इथे नाद सोडावा.

२० अंशांना एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या तक्त्यात ५७.३ बार, माझा आकडा एका टक्क्याच्या आत. त्या आनंदात रात्रीच चहा केला.

पुढचा बेत पेनलूची दुरुस्ती (आकारमानातून एक ठरावीक आकडा वजा करणं) लावायचा होता, कारण क्रिटिकल बिंदूला, म्हणजे डोमच्या शेंड्याला, जिथे द्रव-बाष्प हा फरकच संपतो, पीआर ४१८ किलो प्रति घनमीटर देतं, खरी घनता ४६७.६. पण काल वीज गेली म्हणून सोसायटीच्या मीटर रूममध्ये उतरलो, तर भिंतीवर आग विझवायचा साडेचार किलोचा सीओटू सिलिंडर! वरून थर्मामीटर आणून लावला: ३६ अंश. क्रिटिकल तापमान ३०.९८. म्हणजे ठाण्याच्या मे महिन्यात आत ना द्रव, ना बाष्प. तिथे पेनलूची ठरावीक वजाबाकी कुठे पुरणार?

तेव्हा पेनलू रद्द, थेट १९९६चं स्पॅन-वॅग्नर, खास सीओटूसाठीचं जास्त अचूक समीकरण. त्याला घनता आणि तापमानच लागतं, बंद सिलिंडरला नेमकं तेच हवं. घनता ६६७ धरतो: सुमारे २७ अंशांना द्रवच सिलिंडर भरून टाकतो, नंतर दाब सरळ चढत जातो. १५ ते ४५ अंशांचा आलेख पुढच्या वेळी. वॉचमनकाकांनी मात्र विचारलंच, "साहेब, गळतोय का?"