नेल्यान आणि दिलंय

मी नायब सुभेदार, फौजेच्या एका कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे आमच्या अंतर्गत चौकशीत, मेंबर होतो. कोर्ट म्हटलं की लोकांना वकील आठवतात, आमच्याकडे एक प्रिसायडिंग ऑफिसर, दोन मेंबर, एक क्लार्क आणि पंखा चालला तर नशीब. सिंधुदुर्गातलं फौजी कॅन्टीन, नाव लिहीत नाही. एका फौजीच्या विधवेच्या लिकर कार्डावर, म्हणजे कॅन्टीनमधून दारू घ्यायच्या कार्डावर, दर महिन्याला रम उचलली जात होती, आणि आजी माळकरी. संशय काउंटरच्या हवालदारावर, तो राजस्थानचा.

आजींनी पदराची गाठ सोडून कार्ड टेबलावर ठेवलं. मागे चिकटपट्टीने कागद लावलेला, त्यावर पिन! आम्ही सिक्युरिटीवर लेक्चरं देतो ती कुणाला काय माहीत.

प्रिसायडिंग ऑफिसर साहेब यूपीचे, त्यामुळे मालवणीचं इंग्रजी करायचं काम माझ्या गळ्यात. आजी म्हणाल्या, "कार्ड तेनाच नेल्यान." मी बोललो, "ही टुक इट." क्लार्कने टाइप केलं, साहेबांनी मान डोलावली, आणि माझ्या लक्षात आलं की इंग्रजीत जाताजाता चोरी झाली. नेल्यान म्हणजे नुसतं नेलं हो.

साहेबांना दुपारपर्यंत संपवायचं होतं, हवालदाराला बाहेरच बसवलेलं. तिथे मी अडलो. आर्मी रूल्स १९५४, नियम १८०: ज्याच्या चारित्र्यावर किंवा फौजी इभ्रतीवर येऊ शकतं त्याला सगळ्या चौकशीत हजर ठेवायचं, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यायचे. हे टाळलं की पुढे अख्खी चौकशी झोपते, तरी दर वेळी कुणीतरी घाई करतंच. साहेब चिडले, पण त्याला आत बोलावलं, आजींचा जबाब पहिल्यापासून घेतला.

त्याने एकच विचारलं, "माताजी, कार्ड किसने दिया था?"

"मीच दिलंय तुका."

आता दिलंय म्हणजे मालवणीत 'मी दिलं', हेही समजावलं. दोन्ही वाक्यं रेकॉर्डवर गेली. दुसऱ्याच्या कार्डावर दारू उचलणं गुन्हाच, त्यात वाद नाही. जबाब वाचून दाखवला, अंगठा झाला, आणि मग आजी म्हणाल्या, "तेका काय झाला तर माझी औषधा कोण हाडतलो?"

हाडतलो म्हणजे आणणार. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, अंगठा झालाय, आणि हे रेलेव्हंट नाही. मी गप्प बसलो. इथलं बोलणं कोर्ट मार्शलला पुरावा म्हणून चालत नाही, केस पुढे गेली तर आजींना परत यायला लागणार, तेव्हा सांगतील असं मनाला समजावलं. पण तेव्हा मालवणी समजणारा कोण असेल?

जाताना आजी खुर्चीखाली सोलांची पिशवी ठेवून गेल्या. साक्षीदाराकडून काही घ्यायचं नसतं म्हणून पिशवी घेऊन स्टँडपर्यंत पळालो, तर एसटी सुटलेली.