शाल-श्रीफळाच्या बाजूने

गाण्याच्या कार्यक्रमाआधी होणाऱ्या सत्काराला शिव्या न घालणारा श्रोता माझ्या पाहण्यात नाही. दीपप्रज्वलन, सरस्वतीच्या तसबिरीला हार, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि 'मी आपला फार वेळ घेणार नाही' असं म्हणून घेतलेला फार वेळ. हे सगळं कायमचं बंद करावं असं दादर, माटुंगा, पार्ले इथल्या रसिकांना मनापासून वाटतं. वाटू दे. ते चालत येतात.

आम्ही डोंबिवलीहून येतो. आणि गेल्या जानेवारीतल्या त्या रविवारपासून मी सत्काराच्या बाजूचा झालो आहे.

कार्यक्रम माटुंग्याला, साडेसहाला. निमंत्रणावर ठळक अक्षरांत छापलेलं: 'सत्कार, भाषणे नाहीत. कार्यक्रम वेळेवर सुरू होईल.' वाचून घरात टाळ्याच वाजवल्या होत्या. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. म्हणजे साडेसहाला खरोखरच सुरुवात झाली तर संधिप्रकाशातला राग त्याच्या स्वतःच्या वेळेला ऐकायला मिळणार. मारवा, पूरिया, श्री, ही मंडळी एरवी कॅसेटवर नाहीतर मोबाइलवर दुपारी दोन वाजताही ऐकतो आपण, पण ते खरं नव्हे. दिवेलागणीला समोर बसून ऐकायची चैन वेगळी. नोकरदार माणसाची दिवेलागण आठवड्याचे सहा दिवस गाडीतच होते, एक रविवार काय तो आपला.

आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक.

ब्लॉकची वेळ साधारण अकरा ते चार अशी जाहीर होते. रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल, सगळ्यांची दुरुस्ती त्यात उरकायची असते. ती व्हायला हवी याबद्दल वादच नाही. जलद गाड्या मुलुंड ते माटुंगा धिम्या मार्गावर वळवतात, त्यामुळे त्या तासांत जलद गाडी हा प्रकार फक्त नावाला उरतो. पण चार वाजले की सगळं सुरळीत, असा समज करून घेणारा माणूस या मार्गावर नवीन समजावा. चारला ब्लॉक संपतो, तुंबलेल्या गाड्या नाही संपत. त्यात रविवारचं वेळापत्रक, म्हणजे मुळात गाड्याच कमी.

तासाभराच्या प्रवासासाठी मी दोन तास हाताशी ठेवून निघालो होतो. इंडिकेटरवर धिमी गाडी, मिनिटं तीन. ती तीन मिनिटं बराच वेळ तीनच राहिली, मग गाडीसकट नाहीशी झाली आणि तिच्या जागी दुसरीच उगवली. 'प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत,' असं एक बाई इतक्या शांत आवाजात सांगत होती की आपणच कुठेतरी आवाज चढवला की काय असं वाटावं. शेवटी आलेल्या गाडीत रविवारची गर्दी. रोजची गर्दी शिस्तीची असते, कुणी कुठे उभं राहायचं ते ठरलेलं असतं. रविवारच्या गर्दीत लग्नाला निघालेली कुटुंबं, बॅगा, फुगा घेतलेलं पोर आणि 'हे ठाणं का?' असं कोपरपासून विचारणारे काका.

कळव्याच्या पुढे गाडी थांबली. का, ते कुणालाच माहीत नसतं. मुलुंड सोडल्यावर परत थांबली. विक्रोळीच्या अलीकडे मात्र ती जी उभी राहिली, ती निवांत. पंखा आमच्या डोक्यावर किरकिरत होता, कुणाच्या तरी मोबाइलवर क्रिकेट चाललं होतं, आणि उजव्या खिडकीतून सूर्य दोन इमारतींच्या फटीत शिरताना दिसत होता. लालबुंद, हातात धरावा इतका जवळ. मारव्यात गायक षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, भोवती घुटमळत राहतो, आता टेकेल, मग टेकेल, आणि ऐन वेळी बाजूने निघून जातो. आमच्या मोटरमनने विक्रोळी स्टेशनाशी नेमकं तेच मांडलं होतं. फरक इतकाच की तिथे आपण 'वा!' म्हणतो.

खरं तर या मार्गाला समारंभाचं वावडं असायचं कारण नाही. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती बँड आणि एकवीस तोफांची सलामी घेऊन. तेव्हाही कुणीतरी बोटं मोडली असतीलच.

माटुंग्याला उतरून पळत सभागृह गाठलं तेव्हा सात वाजून गेले होते. दार बंद. डोअरकीपरने नुसता हात आडवा केला. 'टाळ्या पडल्या की सोडतो.' हा नियम उत्तम आहे, मी आत बसलेला असतो तेव्हा त्याचा कडवा समर्थक असतो.

बाहेर आमचं एक लहानसं गावच जमलं होतं. कल्याणचे एक काका, ठाण्याच्या दोघी बहिणी, मुलुंडचा कॉलेजातला मुलगा. कुठे किती थांबली याची देवाणघेवाण झाली आणि मग सगळे दाराच्या फटीशी. जाड दारातून तबल्याचा ठेका तेवढा स्पष्ट येत होता. सूर गाळून, थेंबथेंब. काका डोळे मिटून म्हणाले, 'मारवा.' ठाण्याच्या धाकट्या ताईंना तो पूरिया वाटला, कारण गंधार-निषाद हे सूर जास्त बोलत होते. सूर दोघांचे तेच, पंचम, म्हणजे 'प', दोन्हीकडे वर्ज्य, मग भांडणाला मैदान मोकळं. मारव्यात रिषभ-धैवताला मान, पूरियात गंधार-निषादाला, आणि दाराच्या फटीला कुणाचाच नाही. शेवटी मुलाने डोअरकीपरलाच विचारलं. तो म्हणाला, 'ते आत सांगितलं ना सुरुवातीला.'

त्या क्षणी मला शालीची आणि श्रीफळाची किंमत कळली. प्रास्ताविकाची दहा मिनिटं, पाहुण्यांच्या परिचयाची दहा, पाहुण्यांची स्वतःची पंधरा: ठाण्याच्या पलीकडच्या रसिकाला त्याचा राग मिळावा म्हणूनच हे सगळं कुण्या भल्या माणसाने योजलं असणार. व्यासपीठावर नारळ हातातून हातात फिरत असतो तेव्हा आम्ही घाटकोपर सोडत असतो. आभार मानणाऱ्याला कुणाचं तरी नाव आठवत नाही, तेवढ्यात आम्ही शीव गाठतो.

टाळ्या पडल्या, आत गेलो. पुढचं गाणं सुरेख झालं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मध्यंतरानंतरची आहे. बटाटावडा खाऊन सगळे स्थिरस्थावर झाल्यावर निवेदिका लाडिक आवाजात म्हणाली, 'आता अगदी छोटासा कार्यक्रम.' प्रायोजकांचा सत्कार! शाल आली, श्रीफळ आलं, आणि प्रायोजकांनी आपल्या आजोबांपासून सुरुवात केली. आमच्यासारख्यांना परतीच्या गाडीची वेळ गाठायची असते. ज्या अर्ध्या तासाची संध्याकाळी गरज होती तो रात्री आमच्या गळ्यात पडला आणि भैरवी सोडून आम्ही उठलो.

परतीची कल्याण लोकल वेळेवर. बाहेरचं सगळं गाव एकाच डब्यात. कुर्ला यायच्या आत मारवा-पूरिया पुन्हा सुरू झाला, काका आता मांडीवर ठेका धरून धैवत दाखवू लागले. समोरच्या बाकावर नवऱ्याबरोबर बसलेल्या एक बाई बराच वेळ ऐकत होत्या. त्याही कार्यक्रमालाच आल्या होत्या, दुपारी तीनला घर सोडून.

'पूरिया कल्याण होता तो,' त्या म्हणाल्या.

'शक्य नाही,' काका म्हणाले. 'पंचम कुठे लागला?'

'आलापातच लागला की, स्वच्छ. तुम्ही कुठे होतात तेव्हा?'

काकांनी ठेका थांबवला.

'विक्रोळीला.'